वाजिबचा बस्ता

१

जागेश्वर मेश्राम मेला त्याच्या चौथ्या दिवशी त्याच्या घरातून एक बस्ता चोरीला गेला, आणि तळेटोल्याच्या मासे मारणाऱ्या चाळीस ढिवर घरांच्या तोंडचं पाणी पळालं.

कचेरीत कागद बांधून ठेवतात तसा लाल कापडाचा बस्ता. जागेश्वरच्या खोलीत भिंतीच्या फळीवर असे अठ्ठावीस होते. प्रत्येकावर गेरूनं एकेक अरबी अक्षर काढलेलं. आत हजारो चिठ्ठ्या, जुनी पाकिटं कापून केलेल्या. हा ढिवर चाळीस वर्षं अरबी शब्दांच्या मागे लागला होता. लोक हसायचे. हसोत. हसणाऱ्यांपैकी एकानंही आयुष्यात चाळीस दिवस सलग एका कामात घातले नव्हते.

मयताच्या जागी दिवा ठेवला होता म्हणून घराचं दार तीन दिवस उघडंच. आले-गेले बसत होते, उठत होते. चौथ्या सकाळी रंभाबाई दिव्यात तेल घालायला गेली आणि तिला फळीवर भगदाड दिसलं. ढिवरांची पंचायत तिच्या शब्दावर उठायची-बसायची. तिनं हाक दिली, टोला, सगळी वस्ती, गोळा झाला. साकोलीहून रोज सांत्वनाला येणारे भय्याजी अर्जनवीस चष्मा वर करून पुढं झाले. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज लिहिणं हा त्यांचा धंदा.

"हा वावचा, म्हणजे व अक्षराचा बस्ता," ते म्हणाले. "वाजिब गेला, रंभाबाई. तुमचा कागद गेला."

ते ऐकून बायांनी ऊर बडवला. कारण कोणता कागद, ते टोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. गावचा 'वाजिबुल-अर्ज': इंग्रजांच्या जमीन-बंदोबस्तात सारा ठरवताना गावोगावचे रिवाज लिहून घेतले, त्याचा दस्त. तलावावर मासे मारायचा रिवाज कोणाचा, ते त्यात लिहिलेलं. बाहेरच्या ठेकेदाराला तलाव द्यायचं घाटत होतं आणि सोमवारी साकोलीला सुनावणी होती. मागच्या तारखेला जागेश्वरनं भर कचेरीत छाती ठोकून सांगितलं होतं, "नक्कल माझ्या घरी हाये, साहेब. वाजिबच्या बस्त्यात. पुढच्या तारखेले आणतो."

पुढच्या तारखेआधी तो गेला.

"असली वाकडी अक्षरं वाचता येते कोणाले?" गर्दीतून कोणी तरी बोललं.

सगळ्यांच्या माना नुकत्याच पायरीवर येऊन पोचलेल्या बाबूलालकडे वळल्या. जागेश्वरचा पुतण्या. काकाच्या चिठ्ठ्या लिहून देणारा. आणि सहा महिन्यांपूर्वी काकाशी भांडून मधुकररावांच्या धानगिरणीवर कामाला लागलेला. मधुकरराव म्हणजे ठेकेदाराचा इथला हात.

दुपारपर्यंत बाबूलाल पोलीस चौकीत होता.

२

शनिवारी साकोलीच्या बाजारात रंभाबाईनं मासळीची टोपली उतरवली, पण फडकं उघडलं नाही. सरळ कचेरीच्या मागच्या दारानं दफ्तरखान्यात गेली.

तिथं गोदावरीबाई बसायची. नवरा शिपाई होता, तो मेल्यावर तिला दफ्तरीची जागा मिळाली. शाळा चौथी. काम काय, तर बस्ते सोडणं, बस्ते बांधणं, मागितलेला कागद काढून देणं. साहेब येतात, साहेब जातात, कागद कुठं आहे ते फक्त या बाईला माहीत. कचेरीला ते कळतं, पण कचेरी ते बोलत नाही.

"गोदाबाई, आमचा तलाव चालला वो," रंभाबाई म्हणाली.

गोदावरीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भंडाऱ्याच्या कचेरीतून दुसरी नक्कल?"

"भय्याजी म्हणते, अर्ज टाकला तर चार महिने. सोमवार तर परवा हाये."

"अन् मूळ?"

"गावच्या मालकाच्या, मालगुजाराच्या पेटीत होता. मालगुजारी गेली, पेटी गेली, सारंच गेलं."

गोदावरीबाईनं समोरच्या बस्त्याची गाठ आवळली. याच दफ्तरखान्यात जागेश्वर शिपाई होता. तिला पहिली गाठ मारायला त्यानंच शिकवलं. या माणसाची गोष्ट मी सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. ज्याला घाई असेल त्यानं खुशाल पानं उलटावीत. तरणा असताना तो बापासोबत कोर्टात गेला होता. वकिलानं 'वाजिबुल-अर्ज' असा कागद वाचला. बापानं विचारलं, "म्हणजे काय जी?" वकील हसला. कोर्ट हसलं. जागेश्वर त्या हसण्यावर चिडून कामठीला गेला आणि एका मौलवीसाहेबांच्या घरी सहा वर्षं पाणी भरलं. मजुरी म्हणून रोज एक शब्द मागायचा. मौलवीसाहेबांच्या जुन्या कोशाची पानं पाहून पाहून तो अक्षरं शिकला, मग शब्द, मग शब्दांची मुळं. परत आला तेव्हा कचेरीतला एकही शब्द त्याला घाबरवू शकत नव्हता. विद्यापीठात खुर्च्या झिजवणाऱ्यांनी हे वाचून जरा लाजावं.

"बाबूलालनं केलं असं वाटते तुले?" गोदावरीबाईनं विचारलं.

"कोण जाणे, बाई. भांडला तर होता." रंभाबाईनं डोळे पुसले. "पण माती देताना असा रडला का मलेच त्याले धरा लागलं."

गोदावरीबाईनं चाव्या कमरेला खोचल्या. "चाल. मले ती फळी पाहू दे. कोणी हात तर नाही लावला?"

"कोणाची हिंमत? भय्याजीनं सांगतलं गेला, तर गेला."

"हूं," गोदावरीबाई म्हणाली. "सगळे भय्याजीच्याच डोळ्यानं पाहून राहिले म्हणा."

३

फळीपुढं ती बराच वेळ उभी राहिली. बस्ते उजवीकडून डावीकडे लावलेले. भगदाड डाव्या टोकाला, शेवटून दुसऱ्या जागेवर. बाकी सत्तावीस बस्त्यांवर दिव्याच्या काजळीची आणि धुळीची सारखी साय. एकही गाठ सुटलेली नव्हती.

"चोरानं शोधलंच नाही," ती म्हणाली. "आला, नेमका एक उचलला, गेला."

"मंग त्याले माहीत होतं ना कोणता ते."

"त्याले वाटत होतं का माहीत हाये. दोन्हीत फरक असते, रंभाबाई."

तिथून ती मधुकररावांच्या गिरणीवर गेली. मधुकरराव खाटेवर बसून पान लावत होते. बाई कचेरीची म्हणून उठले नाहीत, पण खाट सरकवली.

"या बाई. ढिवरांची वकिली कराले आल्या का?"

गोदावरीबाईनं फळीवरून आणलेला एक बस्ता त्यांच्या हातात दिला. "यावर काय लिहिलं हाये, सांगता का?"

मधुकररावांनी बस्ता हातात फिरवला, उलटा धरला आणि अक्षर डोळ्यांजवळ नेलं. "कोंबडीचा पाय दिसून राहिला." मग ते खो-खो हसले. "बाई, खरं सांगू? मले तो कागद नाहीसा कराचा असता तर अख्ख्या झोपडीले काडी लावली असती. अठ्ठावीस गाठोड्यातून एक निवडत बसणार हा मधुकर? येवढा सबुर माझ्या बापातबी नव्हता."

"माणूस पाठवला असन."

"कोणाले? माझ्या गिरणीवर हे वाचणारा एकच. बाबूलाल. अन् त्याले मी पाठवलं नाही. कायले पाठवू? पहिल्या दिवशी मी पोत्यावर 'वाजवी भाव' लिहिलं तं म्हणते, मालक, हा शब्द माझ्या काकाजीच्या घरचा हाये." पुन्हा हसले. "पागल खानदान."

माणूस खोटा होता, पण हे खोटं नव्हतं.

परतीची एस.टी. यायला वेळ होता. फाट्यावरच्या चहाच्या टपरीत भय्याजी भेटले. गोदावरीबाईला पाहून त्यांनी बाकावरचं उपरणं काढून जागा करून दिली. वागण्यात ते नेहमीच अदबीचे.

"दुःख झालं हो बाई. वीस वर्षं आम्ही एका व्हरांड्यात. तो स्टुलावर, मी सतरंजीवर. फार शब्द जमवले गरिबानं."

"तुम्हाले येते ना ते वाचता?"

"मले?" भय्याजींची मान ताठ झाली. "माझ्या आज्यानं शिकवलं. अलिफपासून येपर्यंत सारी अक्षरं झोपेत म्हणतो. साकोली तालुक्यात आता मी अन् तो बाबूलाल, दोनच."

"मंग सांगा, जागेश्वरबाबा शब्द रचायचे कसे?"

"त्यात रचाचं काय? अक्षरानं. वाजिब म्हटलं का वाव. लहान लेकरू सांगीन." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मासे मारणाऱ्या माणसानं आणखी कोणती रीत काढली असती?"

गोदावरीबाईनं कप खाली ठेवला. दफ्तरखान्यात नवीन कारकून आला की पहिल्या दिवशी गावाच्या नावानं बस्ता शोधतो. बस्ते लागलेले असतात मौजा नंबरानं. दफ्तर लावणाऱ्याची एक रीत असते. ती विचारावी लागते. न विचारणारा दिवसभर धूळ खातो आणि संध्याकाळी सांगतो, कागदच नाही.

एस.टी. आली. ती साकोलीच्या गाडीत चढली, पण चौकीच्या थांब्यावरच उतरली.

४

हवालदारानं बाबूलालला बाकड्यावर बसवून ठेवलं होतं. मारलं नव्हतं, निदान दिसेल असं नाही.

"काकू, मी काकाजीची चोरी करीन का वो?"

"भांडला कायले होता?"

"मी म्हटलं, छापू. नागपूरले नेऊन छापू. ते म्हणे, अजून अपुरं हाये. चाळीस वर्षं झाले अन् अपुरंच! मले राग आला. म्हटलं तुमचं पुरं होईस्तोवर मी म्हातारा होतो. निघून गेलो गिरणीवर." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "आता पुरं कोण करीन?"

"वाजिब म्हणजे काय, ते सांग मले. नुसता अर्थ नको. तुझे काकाजी सांगत तसं."

बाबूलालनं मान वर केली. चौकीच्या त्या कळकट बाकड्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला.

"काकाजी म्हणत, शब्दाचं एक मूळ असते, तीन अक्षरांचं. त्याच्यातून सारे फुटते, धानाच्या बुडातून फुटवे फुटते तसे. व, ज, ब. मूळ अर्थ पडणं. भिंत धप्पकन् पडली तरी हेच मूळ. सूर्य बुडाला तरी हेच. जनावर कुशीवर कोसळलं तरी हेच. छातीत धडधडते ना, ते 'वजीब'. दिवसरातीत एकदाच मिळते ते जेवण 'वज्बा'. अन् जे माणसावर येऊन पडते, ज्यातून सुटका नाही, ते 'वाजिब'. त्याच्यावरून आपला वाजवी भाव. जो घडवून आणते तो 'मूजिब', म्हणून कचेरीतलं 'हुकुमामुजब'. निकाहात पहिला बोल बोलून बांधून घेते, तो 'ईजाब'."

हवालदार लिहिता लिहिता थांबला होता. "अन् हे सारं त्या ढिवराले माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"हे एका मुळाचं झालं, साहेब. असे नऊशे मुळं हाये."

बस्ते बांधता बांधता जागेश्वर गोदावरीबाईला मधेच एखादा शब्द द्यायचा, मूठभर फुटाणे द्यावे तसा. तिनं ते खाऊन टाकले होते. जपून ठेवायला हवे होते.

मग तिनं विचारलं, "चोरीले कोणता बस्ता गेला, माहीत हाये का तुले?"

"माहीत हाये ना. वाजिबचा."

"कोणी सांगतलं?"

"सारेच म्हणून राहिले. मी कुठी पाहिलं? मले तं पायरीवरूनच धरून आणलं."

"वाजिबचा म्हणजे कोणत्या अक्षराचा?"

"बे चा," बाबूलाल म्हणाला. "ब चा."

"व चा नाही?"

"व चा काहून होईन? काकाजी शेवटच्या अक्षरानं लावत. मौलवीसाहेबांचा जुना कोश तसाच होता. त्या जमान्यातले शायर शेवटच्या अक्षरानं शब्द शोधत, म्हणून कोशही शेवटच्या अक्षराचे. किताब, हिशोब, तलब, सबब, अदब, गरीब, नशीब, वाजिब, सारे एका घरचे. ब च्या बस्त्यात."

गोदावरीबाई उभी राहिली.

"बाबूलाल, फळीवरून वावचा बस्ता गेला हाये. डावीकडून दुसरा. बे चा जागेवरच हाये. गाठसुद्धा सुटली नाही."

बाबूलाल इतक्या जोरात उठला की बाकडं मागं पडलं.

५

रविवारी सकाळी, टोल्याच्या पाच माणसांसमोर, हवालदाराच्या देखत, उजवीकडून दुसरा, ब चा बस्ता बाबूलालनं फळीवरून खाली काढला. गाठ रंभाबाईनं सोडली. चिठ्ठ्यांच्या गड्ड्या सुतळीनं बांधलेल्या. व-ज-ब ची गड्डी पार तळाशी. तिच्याखाली मेणकापडात घडी केलेली नक्कल, शिक्क्यासकट.

रंभाबाईनं कागद कपाळाला लावला. रडली नाही. "चोर कोण?" एवढंच विचारलं.

"चाल माझ्यासोबत," गोदावरीबाई म्हणाली.

भय्याजी घरीच होते. ओसरीवर सोमवारसाठी दौत-टाक पुसत होते. दोघी बायांना, बाबूलालला आणि मागं हवालदाराला पाहून त्यांनी टाक खाली ठेवला.

गोदावरीबाई बसली नाही. "भय्याजी, मी तुमच्यासमोर बोलते. चुकलं तर सांगा. चोरानं अठ्ठावीसातून एक बस्ता उचलला. बाकीच्याले बोटही लावलं नाही. म्हणजे त्याले अक्षर ओळखता येत होतं. मधुकररावानं बस्ता उलटा धरला. त्याचे गडी तसेच. टोल्यात कोणाले येत नाही. तालुक्यात दोघं, हे तुम्हीच सांगतलं."

"मंग झालं ना. बाबूलाल."

"बाबूलालनं कागद उचलला असता तर ब चा बस्ता उचलला असता. त्याले रीत माहीत हाये. अन् त्यानं उचलला असता तर आज सकाळी कागद सापडला नसता."

भय्याजी अर्धवट उठले. "सापडला?"

"सापडला. आता उरला तो माणूस, ज्याले अक्षर येते पण रीत येत नाही. वाजिब म्हटल्यावर ज्याचा हात वावकडं जाते." ती थांबली. "वावचा बस्ता उघडून पाहिला, कागद नाही. म्हाताऱ्यानं थाप मारली का कागद दुसरीकडं ठेवला, समजलं नाही. मंग चौथ्या दिवशी भर गर्दीत सांगतलं, वाजिब गेला. कोणी दुसरीकडं शोधलंच नाही पाहिजे म्हणून."

घरात भय्याजींच्या सूनबाईनं भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"काहून केलं, भय्याजी?" रंभाबाईनं विचारलं. "आमचा अर्ज तुम्हीच लिहिला. माझ्या टोपलीतली पहिली मासळी वीस वर्षं तुमच्या घरी आली."

भय्याजी जमिनीकडे पाहत होते. "पोराले ठेकेदाराकडं जागा देतो म्हणे मधुकरराव. पस्तीस वर्षांचा झाला. घरी बसून हाये." मग त्यांनी मान वर केली, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ती शरम नव्हती, दुसरंच काही होतं. "पण ब मध्ये काहून? वाजिब ब मध्ये काहून ठेवला त्यानं?"

गोदावरीबाईनं सांगितलं. मूळ, शेवटचं अक्षर, जुन्या शायरांची रीत. थोडक्यात सांगितलं.

"वीस वर्षं," भय्याजी पुटपुटले. "वीस वर्षं बाजूले बसलो मी त्याच्या. एकदाबी मले सांगतलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही," गोदावरीबाई म्हणाली.

या एका वाक्यासाठी मी ही गोष्ट लिहिली. अलिफपासून येपर्यंत झोपेत म्हणणारा हा माणूस जागेपणी शेजाऱ्याला एक प्रश्न विचारू शकला नाही, कारण शेजारी ढिवर होता. ढिवराकडून मासळी घ्यायची असते, विद्या घ्यायची नसते, हे त्याला आज्यानं अक्षरांच्याही आधी शिकवलं असणार.

भय्याजी आत गेले. शिक्क्याच्या कागदांची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी लाल बस्ता गोदावरीबाईच्या पायांपाशी ठेवला. एकही चिठ्ठी कमी नव्हती.

"जाळता आलं नाही," ते म्हणाले. "दोनदा चुलीपाशी नेला. असं अक्षर, असं काम... जाळता आलं नाही."

६

सोमवारी अकरा वाजता तहसीलदार साहेबांच्या समोर नक्कल गेली. कचेरीबाहेर ठेकेदाराचा ट्रक उभा होता, नायलॉनची नवी जाळी भरून. निकाल लागला की परस्पर तलावावर जायची तयारी. इतकी खात्री.

साहेबांनी कागद वाचला. 'तलावाची पाळ फुटल्यास ढिवरांनी बांधावी. तलावात जाळे ढिवरांनीच टाकावे. परगावच्यास देऊ नये.' ठेकेदाराचा वकील उठला.

"साहेब, हे जुने मोगलाई शब्द. वाजिबुल-अर्ज म्हणजे गावकऱ्यांची नुसती विनंती. अर्ज! आज त्याला काय किंमत?"

साहेब तरुण होते, पुण्याकडचे. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, "याचा नेमका अर्थ कोणाला माहीत आहे का?"

बाबूलाल उठला. हातात काकाच्या चिठ्ठ्यांची गड्डी. सुतळी सोडून तो खणखणीत आवाजात वाचायला लागला. भिंत, सूर्य, कोसळलेलं जनावर, छातीतली धडधड, दिवसाचं एकच जेवण. एकेक चिठ्ठी वाचायची आणि मेजावर ठेवायची. कारकून लिहायचे थांबले. वकिलानं घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं. शेवटची चिठ्ठी जागेश्वरच्या स्वतःच्या हातची होती.

"'वाजिब: जे माणसावर येऊन पडले व ज्यास नाकारता येत नाही. वाजिबुल-अर्ज: जे सरकारापुढे मांडणे गावावर बंधनकारक व ऐकणे सरकारावर. ही विनंती नव्हे. विनंती करणारा हात जोडतो. हा कागद लिहिणाऱ्याने पाळ बांधली आहे.'"

मेजावर चिठ्ठ्यांचा छोटा ढीग झाला होता. साहेबांनी त्यातली पहिली उचलून परत वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"जागेश्वर मेश्राम, साहेब," गोदावरीबाई दारातून म्हणाली. दफ्तरीनं सुनावणीत बोलायचं नसतं. "याच कचेरीत शिपाई होते."

साहेबांनी हुकूम सांगायला सुरुवात केली. ठेक्याला मनाई, पुढची चौकशी पूर्ण होईपर्यंत रिवाजामुजब तलाव ढिवरांकडे राहील. 'रिवाजामुजब' म्हणताना ते किंचित अडखळले, बाबूलालकडे बघून हसले आणि पुन्हा नीट म्हणाले.

बाहेर ड्रायव्हर ट्रकच्या बोनेटवर तंबाखू मळत होता. रंभाबाई पायऱ्या उतरून त्याच्यापुढं गेली.

"कोणत्या गावचा रे बापा तू?"

"गोंदियाचा, बाई."

"जेवला?"

"नाही अजून."

"जेवून घे अन् जाय मंग. तळेटोल्याचा रस्ता तुले लागत नाही आता."

ट्रक आला तसा भरलेला परत गेला. ऊन कलायच्या आधी चाळीस घरांची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, आणि रंभाबाई पाळीवरून ओरडत होती, "अगा, जाळं फेका ना! पाहून काय राहिले? आपलाच हाये तो!"